भूरसायनशास्त्रातल्या संशोधकाचं काम मोजायचं कसं? (आमच्या बाईंच्या निवृत्तीच्या निमित्तानं)

कातळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार.

आमच्या बाई ३१ मे रोजी निवृत्त होतायत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका महाविद्यालयात त्यांनी ३३ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि शिकवून उरलेल्या वेळात भूरसायनशास्त्रात, म्हणजे दगड आणि पाणी यांच्या रसायनावर, संशोधन केलं. उरलेला वेळ म्हणजे रविवार, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. मे महिन्यात सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, काय तापतो ते इथल्यांना सांगायला नको. त्या सड्यावर दगडांची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बाईंच्या मागे चालणाऱ्या पोरांत मीही होतो.

निरोप समारंभासाठी आम्ही माजी विद्यार्थी एक पुस्तिका काढतोय. बाईंच्या शोधनिबंधांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. यादी करून गटावर टाकली. तासाभरात एका सरांचा निरोप आला, "२७ पेपर, ३४० सायटेशनं, एच-इंडेक्स ९. हे छापू नका, बाईंचाच कमीपणा दिसेल." सर वाईट नाहीत. बाईंबद्दल त्यांना आदर आहे, म्हणूनच त्यांनी तसं लिहिलं. पण चार दिवस झाले, ते वाक्य मनातून जात नाही.

यादी पुन्हा नीट बघितली. ३४० पैकी जवळजवळ १५० सायटेशनं (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत केलेले उल्लेख) एकाच निबंधाची आहेत. घाटातल्या बेसॉल्टवरचा तो निबंध आठ जणांचा मिळून आहे आणि त्यात बाईंचं नाव पाचवं. जांभ्यावरचे निबंध मध्ये कुठेतरी. आणि ज्यासाठी बाईंनी सगळ्यात जास्त पायपीट केली तो, खाडीकाठच्या ४१ विहिरींच्या पाण्यावरचा निबंध एका परिसंवादाच्या संग्रहात छापलेला आहे. त्याची सायटेशनं ४. पण त्याच मोजणीवरून बाईंनी हातानं लिहून दिलेला कागद बघून एका वाडीनं आपली नवी विहीर वरच्या अंगाला खणली. आज तिथे मे अखेरपर्यंत गोडं पाणी असतं. हे कुठल्या यादीत येतं?

मी स्वतः संशोधनात नाही, औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतो. जाणकारांनी सांगावं. हे आकडे खरोखर काय सांगतात? पुस्तिकेत काय छापावं?

पानांची राखण

चांगला धागा. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे या आकड्यांशी रोजची गाठ आहे.

निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमानं मांडा. वरून नवव्या निबंधाला किमान ९ सायटेशनं आहेत, पण दहाव्याला १० नाहीत, की एच-इंडेक्स झाला ९. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही रीत सुचवली, त्यानं उदाहरणं घेतली ती मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञांची. तुमच्या बाईंच्या पहिल्या निबंधाला १५० ऐवजी १५,००० सायटेशनं असती तरी निर्देशांक ९ च राहिला असता. लेखक एक असो की आठ, त्याचाही फरक पडत नाही. आणि हा आकडा कमी कधीच होत नाही, त्यामुळे तरुण माणूस आणि निवृत्तीला आलेलं माणूस यांची तुलना त्यावरून करताच येत नाही.

नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर ही आणखी निराळी गोष्ट. युजीन गारफील्ड यांनी सायटेशनची सूची करायची कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ती सूची प्रत्यक्ष आली. पुढे इम्पॅक्ट फॅक्टरचा आमच्यासारख्यांना उपयोग होता तो कोणतं नियतकालिक मागवावं हे ठरवायला. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना या वर्षी सरासरी किती सायटेशनं मिळाली, एवढंच त्यात मोजतात. वैद्यकात दोन वर्षांत पुष्कळ काही घडतं. दगडाच्या अभ्यासात नमुना गोळा करून, दळून, विश्लेषण करून, लिहून छापेपर्यंतच दोन वर्षं जातात. भूविज्ञानात ३० वर्षांपूर्वीचा निबंध आजही कामाचा असतो.

आणखी एक. परिसंवादांचे जुने संग्रह, विद्यापीठांची नियतकालिकं, मराठीतले लेख यांतलं बरंच काही स्कोपस या सायटेशनच्या सूचीत नसतं. गूगल स्कॉलरमध्ये असलंच तर तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनं. बाईंचं आडनाव लग्नानंतर बदललं असेल तर आधीचे निबंध वेगळ्या खात्यात पडलेले असतील. ते आधी तपासा.

कातळावरचा

ताई, बदललंय! लग्नाआधीचे तीन निबंध खरंच सापडले. म्हणजे ३०. मनापासून आभार.

सावित्रीकाठ

मूळचा पोलादपूरचा, भूशास्त्र शिकलो. त्या बेसॉल्टच्या निबंधाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यातच या विषयाचं मोल कळतं.

आपल्या सह्याद्रीतले काळे थर डोळ्यांना सारखेच दिसतात. खंडाळ्याचा दगड आणि पोलादपूरचा दगड शेजारी ठेवला तर भलेभले ओळखणार नाहीत. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या या चवडीत कोणता थर कोणाचा, हे ठरवायचं कसं? रसायनावरून. स्ट्रॉन्शियम, बेरियम, झिर्कोनियम, निओबियम यांची प्रमाणं आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांची (म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) गुणोत्तरं मोजून १९८० च्या दशकात थरांची विभागणी झाली. महाड ते महाबळेश्वर या वाटेवरच्या थरांचं रसायन १९८१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या संशोधनग्रंथात (मेमॉयरमध्ये) आलं. १९८५ मध्ये कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांचा महाबळेश्वरच्या थरांवरचा निबंध आला, १९८६ मध्ये बीन आणि सहकाऱ्यांचा संपूर्ण पश्चिम घाटावरचा. थरांना नावं दिली ती आपल्या गावांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगात कुठेही दख्खनच्या लाव्हावर कोणी लिहायला बसलं की माझ्या गावाचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळेत असताना एसटी स्टँडवरच्या पाटीपलीकडे हे नाव कुठे असेल असं वाटलं नव्हतं.

त्याचा उपयोग बघा. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी बेसॉल्ट आहे. त्याचं रसायन आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळतं. त्यावरून लाव्हा हजारएक किलोमीटर वाहत गेला असावा असं मानतात. हा निष्कर्ष उभा आहे तो कोणीतरी घाट चढून, एकेका थराचा ताजा तुकडा फोडून, पिशवीवर क्रमांक घालून खाली आणला म्हणून. आठ लेखकांत पाचवं नाव असलेल्या माणसानं यातलं काय केलं होतं हे सायटेशन सांगत नाही.

त्या १९८१ च्या ग्रंथाची स्वच्छ प्रत जालावर मिळवायला मला किती फिरावं लागलं! ज्यांना ती मिळत नाही ते नंतरच्या निबंधाचा हवाला देऊन मोकळे होतात. म्हणजे मोजमाप पहिल्याचं आणि सायटेशन दुसऱ्याचं.

रोहेकर

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

आकड्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण आकडे नव्हते तेव्हा काय होतं? मुलाखतीला तीन माणसं बसायची आणि ओळखीचा उमेदवार घ्यायची. माझ्या मोठ्या भावाला दोनदा असंच डावललं गेलं. तिसऱ्या वेळी त्यानं छापलेले निबंध आणि त्यांची सायटेशनं कागदावर मांडली आणि समितीला तोंड फिरवता आलं नाही. लहान गावातल्या, वशिला नसलेल्या माणसाच्या हातात तेवढंच एक हत्यार असतं. "माझं काम स्थानिक आहे, म्हणून त्याची दखल घेतली गेली नाही" असं सांगत आयुष्यभर काहीच न केलेले लोकही मी पाहिलेत.

आणि धागाकर्त्यांना विनंती. चार सायटेशनांचा तो विहिरींचा निबंध चांगला आहे असं तुम्ही म्हणता, ते बाईंवरच्या प्रेमापोटी. त्यात काय आहे ते इथे ठेवा ना. बघू देत सगळ्यांना.

पीएचडी_सुरू_आहे

रोहेकर काकांशी अर्धी सहमत. पण आकडा डोळ्यांपुढे ठेवला की माणसं आकड्यासाठीच लिहायला लागतात, हेही मी रोज बघते. एका नमुन्यांच्या संचाचे तीन निबंध करायचे, एकमेकांची नावं घालायची, पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकात द्यायचं. ते आवरायला विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली होती, ती २०२५ मध्ये बंद केली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापलेला असावा ही सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, तरी प्रत्यक्षात कोणी त्याशिवाय उभं करत नाही. माझे १४० नमुने आहेत. मार्गदर्शक म्हणतात ७० वर एक निबंध काढून टाक. मला सगळे एकत्र द्यायचेत, कारण चित्र तेव्हाच पूर्ण दिसतं. रात्र रात्र यावर विचार करते.

कातळावरचा

रोहेकर काका, तुमचं म्हणणं रास्त आहे. सगळा निबंध टंकणं शक्य नाही, पण कोष्टकातली एक ओळ देतो. विहीर क्रमांक १४, मे महिन्यातला नमुना. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर.

सोडियम २३०, पोटॅशियम ८, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम ३६, क्लोराइड १२२, बायकार्बोनेट ४२६, सल्फेट ५३.

अशा ४१ विहिरी, प्रत्येकीच्या तीन ऋतूंतल्या तीन ओळी. क्लोराइडचं टायट्रेशन बाई स्वतः करायच्या, रात्री, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. मी बाटल्या धुवायचो.

तुरळची सून

मी काही शास्त्र शिकलेली नाही पण विचारते. आमच्याकडे तुरळ-राजवाडीला गरम पाण्याची कुंडं आहेत. पंधरा वर्षांपूर्वी एक बाई बाटल्या आणि थर्मामीटर घेऊन आल्या होत्या, आमच्याच ओट्यावर बसून जेवल्या. त्याच का या? कुंडाखाली ज्वालामुखी आहे का असं मी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी हसून अर्धा तास समजावून सांगितलं होतं. आता त्यातलं थोडंच आठवतं.

कातळावरचा

त्याच असणार ताई! कुळथाच्या पिठल्याची आठवण बाई अजून काढतात.

ज्वालामुखी नाही. आपला लाव्हा कधीच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. दापोलीकडच्या उन्हवऱ्यापासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत हे झरे दक्षिणोत्तर ओळीत आहेत ते त्या भेगांमुळे. पाणी खाली किती तापलं होतं हेही रसायनावरून काढता येतं. गरम पाण्यात सिलिका जास्त विरघळते, म्हणून वर आलेल्या पाण्यातली सिलिका मोजायची आणि मागे हिशेब करायचा. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणांवरूनही काढतात, ती रीत १९७३ ची.

या झऱ्यांत क्लोराइड बरंच असतं. ते कुठून आलं यावर वाद आहे. १९८६ मध्ये 'ॲप्लाइड जिओकेमिस्ट्री'च्या पहिल्याच वर्षी एक निबंध आला की यात समुद्राच्या पाण्याचा अंश असू शकतो. २००० मध्ये इटालियन आणि भारतीय संशोधकांनी मिळून मध्य-पश्चिम भारतातल्या गरम झऱ्यांच्या उगमावर मोठा निबंध लिहिला. बाईंचं काम या वादातलंच, आणि त्यांना मिळालेल्या सायटेशनांपैकी निदान दोन "हे आम्हाला पटत नाही" म्हणणारी आहेत. तीही मोजणीत एक-एकच धरतात.

समस्थानिक

गोव्यात असतो, भूरसायनशास्त्र हाच माझा पेशा. थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या विषयात सगळ्यात जास्त उल्लेख होणाऱ्या निबंधांत सन आणि मॅकडोनो यांचा १९८९ चा निबंध येतो. समुद्रतळाच्या बेसॉल्टवरचा आहे तो. पण बहुतेक जण त्याचा उल्लेख करतात ते त्यातल्या एका कोष्टकासाठी. उल्कांमध्ये आणि पृथ्वीच्या मूळ प्रावरणात प्रत्येक मूलद्रव्य किती, याचे आकडे त्यात आहेत. आपल्या दगडातल्या आकड्यांना त्या आकड्यांनी भागायचं आणि आलेख काढायचा. आलेख काढला की उल्लेख आलाच. मोठं आणि उपयोगी काम आहे, यात शंका नाही. पण उल्लेख होतो तो अवजाराचा. तसंच नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ मध्ये दिलेल्या विदारण निर्देशांकाचं. खडक किती झिजला हे एका आकड्यात सांगणारं ते सूत्र आहे, तुमच्या बाईंनीही जांभ्यावर लिहिताना वापरलं असेल.

उलट बाजू बघा. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं. आज शाळेच्या पुस्तकात तो आकडा कोणाचंही नाव न घेता येतो. एखादी गोष्ट सगळ्यांची झाली की तिचं सायटेशन थांबतं. हेच मोजताना पॅटरसन यांच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेत, हवेत, सगळीकडे शिसं आहे आणि त्यातलं बरंच पेट्रोलमधून येतं. १९६५ मध्ये त्यांनी ते लिहिलं, शिशाच्या उद्योगाचा रोष ओढवून घेतला, १९७१ मध्ये हवेतल्या शिशावरच्या राष्ट्रीय समितीतून त्यांना वगळलं गेलं. आपल्या देशात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या रक्तात जे शिसं गेलं नाही ते कोणत्या निर्देशांकात धरणार?

भूरसायनशास्त्रज्ञाचं काम बघायचं असेल तर मी आधी कोष्टक उघडतो. नमुना कुठला, अक्षांश-रेखांश दिलेत का? प्रमाण दगड कोणता वापरला? (हवाई बेटांवरचा बीएचव्हीओ-२ नावाचा बेसॉल्ट जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. तुमच्या यंत्रावर त्याचे आकडे बरोबर आले तर तुमच्या दगडाच्या आकड्यांवर विश्वास.) नमुना दोनदा मोजला का? स्पष्टीकरणं बदलत राहतात. नीट मोजलेलं कोष्टक पन्नास वर्षांनीही वापरता येतं. आज ही कोष्टकं जर्मनीतल्या जिओरॉकसारख्या संग्रहांत जातात, आणि बरेच जण उल्लेख करतात तो संग्रहाचा. मूळ मोजणाऱ्याचं नाव तिथेच राहतं.

आता विहीर क्रमांक १४. पाण्यात धन आणि ऋण भार सारखे असले पाहिजेत, म्हणून पाण्याचं कोष्टक दिसलं की हात आपोआप हा ताळा करतो. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (म्हणजे वजनाऐवजी विद्युतभारात मोजून) धन बाजू: सोडियम १०.०, पोटॅशियम ०.२, कॅल्शियम २.०, मॅग्नेशियम ३.०, एकूण १५.२. ऋण बाजू: क्लोराइड ३.४, बायकार्बोनेट ७.०, सल्फेट १.१, एकूण ११.५. तफावत १३ टक्क्यांच्या वर. ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, एवढी नाही.

पण क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची अदलाबदल करून बघितली. क्लोराइड ४२६ म्हणजे १२.०, बायकार्बोनेट १२२ म्हणजे २.०, सल्फेट १.१. एकूण १५.१. तंतोतंत! सोडियम आणि क्लोराइड यांचं गुणोत्तर ०.८३ येतं. समुद्राच्या पाण्यात ते ०.८६ च्या आसपास असतं. म्हणजे या विहिरीत खाडीचं पाणी शिरत होतं, आणि छापलेल्या कोष्टकात ती गोड्या पाण्याची दिसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० आहे. १२२ आत बसतं, ४२६ बसत नाही.

धागाकर्त्यांना विनंती, बाईंकडे मूळ वही असेल तर बघा. इतर ओळीही पाठवा, मी ताळा करून देतो.

पानांची राखण

हे वाचून अंगावर काटा आला.

बावीवालो

माका ह्या निर्देशांकातला काय कळणा नाय. पण आमच्या बावीचा पाणी तीन वर्सां झाली मे म्हयन्यात खारा लागता. आधी तसा नाय होता. माडांका घालूक चलता, पियाक जमणा नाय. वेंगुर्ल्याक कोण तपासून देता काय?

कातळावरचा

समस्थानिक दादा, काल संध्याकाळी बाईंकडे गेलो. तुमचा प्रतिसाद मोबाइलवर दाखवला. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला, उठल्या, माळ्यावरच्या पेटीतून लाल कापडी पाठीची वही काढली. पान उघडलं. विहीर १४, क्लोराइड ४२६, बायकार्बोनेट १२२. शेजारी पेन्सिलीनं त्यांचा ताळाही केलेला, १५.२ आणि १५.१.

छपाईत त्या एका पानावरच्या पाच ओळींचे दोन रकाने बदलले होते. बाईंनी तेव्हाच संपादकांना पत्र लिहिलं होतं. संग्रह एकदाच निघाला, पुढचा अंक नव्हता, दुरुस्ती छापायला जागाच नव्हती. "ती चूक मला वीस वर्षं टोचत्ये," म्हणाल्या. वाडीला दिलेला कागद वहीवरून उतरवलेला होता, त्यामुळे तिथे बरोबरच आकडे गेले. ती नवी विहीर वरच्या अंगाला गेली ती याच १४ क्रमांकामुळे.

मग घरी येऊन ते चारही निबंध काढले ज्यांनी बाईंचा उल्लेख केलाय. दोघांनी नुसतं नाव घेतलंय. दोघांनी आकडे घेतलेत, आणि दोघांनीही क्लोराइड १२२ असंच उतरवलंय. एकानं तर त्यावरून त्या भागात खाऱ्या पाण्याचा शिरकाव नाही असं लिहिलंय. चार सायटेशनांत ताळा करून बघणारं कोणी नव्हतं. इथे दुपारच्या वेळात एका माणसानं केला. बाईंना केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. "हा मुलगा कोण, त्याला जेवायला बोलाव," म्हणाल्या.

रोहेकर

मीच कोष्टक मागितलं होतं, म्हणून लिहिणं भाग आहे. त्या वहीसमोर मी हात जोडतो.

माझा प्रश्न मात्र राहतोच. एका जागेसाठी २०० अर्ज येतात तेव्हा समितीत असा ताळा करत कोण बसणार? आकडा लागेलच. निदान शेवटच्या दहा जणांचे दोन-दोन निबंध तरी वाचावेत असा नियम हवा.

पानांची राखण

रोहेकर दादा, जगभर तेच म्हणणं पुढे येतंय. २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा दोन्ही हेच सांगतात की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस तोलू नये, आकडा तज्ज्ञाच्या वाचनाला जोड म्हणून असावा.

दुरुस्तीबद्दल. बाईंची पूर्ण वही टंकून झेनोडो या जालावरच्या संशोधन-संग्रहात ठेवा. फुकट आहे, कायमचा क्रमांक मिळतो, त्या क्रमांकानं कोणीही उल्लेख करू शकतं. सोबत एक पान जोडा, छापील संग्रहातल्या कोणत्या पाच ओळी चुकीच्या आहेत ते सांगणारं. चूक उतरवलेल्या दोन्ही निबंधांच्या लेखकांनाही कळवा, नम्रपणे. टंकायला मी मदत करते. शनिवारी मोकळी असते.

पीएचडी_सुरू_आहे

मीही टंकते. १४० नमुन्यांचं मी ठरवलं, एकत्रच देणार. आज मार्गदर्शकांना सांगितलं. रागावले, पण नाही म्हणाले नाहीत.

सावित्रीकाठ

पुस्तिकेत बाईंच्या हातची ती वहीची पानं छापा, पेन्सिलीच्या ताळ्यासकट. यादीही छापा, पूर्ण, ३० च्या ३० निबंध.

कातळावरचा

तसंच करतोय. यादी, तिच्यासमोर वहीची चार पानं आणि झेनोडोचा क्रमांक. आक्षेप घेणाऱ्या सरांना काल वही दाखवली. बराच वेळ पानं उलटत बसले आणि म्हणाले, प्रस्तावना मी लिहितो.

बावीवाल्या काकांचं उत्तर राहिलं होतं. काका, किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. मोटरनं उपसून वरची पातळी अर्धा मीटर खाली आली की खालून खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकू लागतं. तीन वर्षांत शेजारी नवी बोअर झाली का, मोटर मोठी बसवली का, ते आधी आठवून बघा.

मी आणि समस्थानिक दादा येत्या रविवारी, मृगाच्या आधी, वेंगुर्ल्याला येतोय. बाईही येणार म्हणतायत. तोवर एक करा. पहाटे, मोटर चालू करण्याआधी, बावीत किती पाणी आहे ते दोरीनं मोजून तारीख घालून भिंतीवर लिहा. दिवसभर उपसा झाल्यावर संध्याकाळी पुन्हा. पाण्याच्या दोन बाटल्या लागतील. साबण लावू नका, त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. बाटलीवर बावीचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, जमलं तर भरती होती की ओहोटी तेही. बाई पहिल्यांदा तेच विचारतात.